डब्यातला आवाज

एका पेटीत शंभर अ‍ॅम्प. मग गिटार शंभरपट चांगली वाजायला हवी ना? माझी तर ऐकू येणंच बंद झालं होतं!

रात्रीचे साडेअकरा. कर्वेनगरातला माझा भाड्याचा वन बीएचके. उद्या सकाळी एका लेखाची डेडलाइन आहे, गॅसवर मॅगी फुगतेय आणि मी जमिनीवर मांडी घालून, डोक्यावर हेडफोन चढवून एक बारीकसं बटण फिरवतेय. ट्रेबल ६.१ चांगला की ६.३? डोळे मिटून ऐकते. ६.१... ६.३... पुन्हा ६.१. तोवर मॅगीचा गोळा झालेला असतो. मी तो आवाज सेव्ह करते आणि त्याला नाव देते, 'क्लीन फायनल ४ न्यू'.

तुम्ही आयुष्यात कधी गिटारला हात लावला नसेल, तरी हा आजार तुमच्या ओळखीचा असणार. प्रेझेंटेशनचा फॉण्ट निवडण्यात अख्खी दुपार घालवणारे आपणच ना? फरक इतकाच, की माझ्या आजाराला एक डबा आहे. त्याला म्हणतात अ‍ॅम्प मॉडेलर.

मुळात इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतोच. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही कळत नाही. तिचा आवाज घडतो अ‍ॅम्पमध्ये. म्हणजे अर्धं वाद्य हातात आणि अर्धं समोरच्या खोक्यात. त्यातही गिटारवाल्यांचा जीव ज्यावर अडकलेला असतो, ते जुन्या धाटणीचे ट्यूब अ‍ॅम्प. त्यांची गंमत अशी, की ते मोठ्याने वाजवल्याशिवाय खुलत नाहीत. काचेच्या ट्यूब तापल्या पाहिजेत, स्पीकरचा कागद थरथरला पाहिजे. आता हे पुण्याच्या सोसायटीत करून दाखवा! २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना हे आकडे तोंडपाठ आहेत. माझ्या कॉलेजच्या काळातल्या पंधरा वॉटच्या छोट्या अ‍ॅम्पसाठीही ते दोनदा वर आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा हातात नियमांची झेरॉक्स होती.

मग मी तो अ‍ॅम्प विकला. तीन महिने अडकलेलं एका लेखाचं मानधन एकदाचं आलं, त्यात भर घातली आणि एक सेकंडहँड मॉडेलर घेतला. चपलांच्या खोक्याएवढा, पायाने दाबायची सहा बटणं, आत शंभराहून जास्त अ‍ॅम्पच्या डिजिटल नकला. हेडफोन लावा आणि वाजवा. काका खूश, मी खूश!

बिघाडाचं गणित

पहिल्या रात्री मी चार वाजेपर्यंत जागी होते, हे कबूल करते. एक बटण दाबलं की साठच्या दशकातला ब्रिटिश अ‍ॅम्प, दुसरं दाबलं की अमेरिकन. कॉलेजात ज्या अ‍ॅम्पचे फोटो बघून आम्ही उसासे टाकायचो, ते सगळे माझ्या पायाशी.

या आवाजांचा इतिहास भलताच गमतीदार आहे. ज्या 'फाटलेल्या' आवाजासाठी आपण आज हजारो रुपये मोजतो, तो मुळात बिघाड होता. १९५८ साली लिंक रे नावाच्या गिटारिस्टने 'रंबल' रेकॉर्ड करताना अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. का? तर आवाज गुळगुळीत नको होता, खरखरीत हवा होता. पुढे हाच बिघाड गणितात बसवायचं काम इंजिनीअर लोकांनी केलं. कुठली ट्यूब किती दाबावर कशी चिरकते, स्पीकर काय गिळतो, काय पुढे ढकलतो, हे सगळं एका चिपमध्ये. १९९८ साली 'लाइन सिक्स' कंपनीचा 'पॉड' आला. लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्यासारखा. तिथून ही गोष्ट घराघरांत पोचली. आता तर खऱ्या अ‍ॅम्पची हुबेहूब छबी काढणारं 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर'सारखं सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं.

सांगायचं काय, तर नक्कल चांगली आहे. हल्लीच्या डब्यांच्या नकला खूपच चांगल्या आहेत. तेव्हा 'डबाच भिकार आहे' ही पळवाट मला नव्हती.

दोन महिन्यांत मी एकसष्ट आवाज सेव्ह केले. गाणी किती बसवली? एकही नाही.

'तू कुठेयस?'

अशात आमच्या ड्रमरचा फोन आला. कॉलेजपासूनचा आमचा चौघांचा बँड. म्हणजे एके काळी होता. नंतर नोकऱ्या, शिफ्ट, लग्नं यात तो नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होऊन उरला. फोनवर म्हणाला, ''जर्मनीचं फायनल झालं. जानेवारीत निघतोय. जायच्या आधी एकदा वाजवूया ना, यार.'' त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी लगेच हो म्हणाले. मनात म्हटलं, आता माझ्याकडे एकसष्ट आवाज आहेत. बघच तू!

डिसेंबर २०२४ मधली पहिली प्रॅक्टिस. तासाला चारशे रुपयेवाली जॅम रूम, भिंतींना फोम, कोपऱ्यात घामाचा आणि रूम फ्रेशनरचा मिक्स वास. मी ऐटीत डबा मिक्सरला जोडला आणि माझा सगळ्यात लाडका आवाज लावला. हेडफोनवर तो ऐकताना अंगावर काटा यायचा. खाली खोल गडगडाट, वर काचेसारखी चमक, मागे एखाद्या चर्चमध्ये घुमावा तसा रिव्हर्ब. चौघांनी सुरुवात केली... आणि मी गायब!

अक्षरशः गायब. ड्रम ऐकू येतायत, बेस येतेय, गाणं येतंय. माझ्याकडून नुसती एक गढूळ घरघर आणि मधूनच कानात सुई टोचावी तसं काहीतरी. मी आवाज वाढवला तर घरघर वाढली. बेसवाला म्हणाला, ''मी घरी जाऊ का? माझं काम तूच करतेयस.'' आणि ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या.

''तू कुठेयस? दिसतेयस, पण ऐकू येत नाहीयेस.''

हसून म्हणाला तो. पण घरी येताना बसमध्ये ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते फक्त गिटारबद्दल नव्हतं. गेल्या दोन वर्षांत त्याने चार वेळा भेटूया म्हटलं होतं आणि चारही वेळा मी 'डेडलाइन आहे रे' म्हणून टाळलं होतं. डेडलाइन असायचीच. पण रात्री साडेअकराला ६.१ आणि ६.३ करायला वेळही असायचाच की.

आईचा डबा

त्याच आठवड्यात आई आली राहायला, सांगलीहून. आई गाते. कार्यक्रम वगैरे नाही, पण पहाटे उठून एक तास रियाज, गेली तीस वर्षं. माझ्या डब्याकडे बघून म्हणाली, ''म्हणजे खरं काहीच नाही का गं यात?'' मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पिशवीतून आपला इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, पिन लावली आणि सुरू केला. मी पांघरुणातून डोकं बाहेर काढून म्हटलं, ''आणि हे काय आहे, आई?'' ती हसायलाच लागली.

खरा तंबोराही आहे तिच्याकडे. मिरजेचा, आजोबांनी घेतलेला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हिने ते कात्रण मला फोटो काढून पाठवलं होतं. पण तंबोरा बसमधून कोण आणणार? म्हणून प्रवासात डबा. आणि त्या डब्याशी ती काय करत होती ते मी नीट बघितलं. आधी आवाज कमी केला. मग तो समोरून उचलून आपल्या मागे, थोडा बाजूला ठेवला. सा लावला, ऐकलं, पुन्हा किंचित कमी केला. पाच मिनिटांत काम संपलं. पुढची पंचावन्न मिनिटं ती फक्त गायली.

''मागे का ठेवलास?'' मी विचारलं.

''अगं, तंबोरा ऐकू आला पाहिजे, पण त्याच्याकडे लक्ष जाता कामा नये. नुसताच ऐकायचा असेल तर ठेव की समोर, छान वाटतो. मला त्याच्यासोबत गायचंय.''

मग तिने माझा लाडका आवाज ऐकायला मागितला. हेडफोन नाही, स्पीकरवर. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, ''जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यासारखं चिरकतंय. आणि एवढं घुमवायचं कशाला? काही लपवतेयस का?''

आई ती. तिला बरोबर कळतं.

कापाकापी

त्यानंतर मी शहाण्यासारखं थोडं वाचलं, थोडं ऐकलं आणि चूक कुठे होती ते हळूहळू उलगडत गेलं. तुमच्याकडे असा डबा असेल तर हे तुमच्या कामाचं आहे. नसेल तरी वाचा.

पहिली गोष्ट. आपले कान हळू आवाजात वेगळे असतात आणि मोठ्या आवाजात वेगळे. हे फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. मग रात्री हेडफोनवर आपण काय करतो? बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो. तोच आवाज जॅम रूममध्ये मोठा झाला की ते वाढवलेलं सगळं अंगावर येतं. तीच ती घरघर, तीच ती सुई. म्हणजे ज्या जोराने लोक ऐकणार, साधारण त्या जोरावरच आवाज लावायला हवा. काकांच्या झोपेच्या वेळी हेडफोनवर लावलेला आवाज हा फक्त हेडफोनवरच्या माणसाचा.

दुसरी गोष्ट स्पीकरची. आपण भक्तिभावाने अ‍ॅम्प निवडत बसतो, पण आवाजावर सगळ्यात मोठा हात फिरतो तो स्पीकरच्या खोक्याचा आणि त्यापुढच्या माइकचा. गिटारचा स्पीकर म्हणजे एक चाळणीच. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं बाहेर येऊच देत नाही. डब्यात ही नक्कल बंद ठेवून थेट हेडफोनवर ऐका, पत्र्याच्या डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखं वाटेल. उलट ती चालू ठेवून पुन्हा खऱ्या गिटार अ‍ॅम्पला जोडलात, तर दोनदा चाळलं जातं आणि गोधडीतून ऐकू आल्यासारखं होतं. माझ्या डब्यात तर माइकही सरकवता येतो. स्पीकरच्या मध्यावर ठेवला की आवाज धारदार, कडेला नेला की मऊ. मी तो मध्यावरून थोडासाच कडेला नेला आणि जे काम ट्रेबलच्या बटणाशी दोन महिने झटून झालं नव्हतं, ते दहा सेकंदांत झालं. तेव्हा आधी स्पीकर, मग माइक, मग अ‍ॅम्प. उलट्या क्रमाने गेलात की मॅगीचा गोळा.

एक गैरसमजही इथेच दूर झाला. असा डबा हेडफोनवर देतो तो खोलीत शेजारी ठेवलेल्या अ‍ॅम्पचा आवाज नसतो. माइकसमोर ठेवून रेकॉर्ड केलेल्या अ‍ॅम्पचा असतो. पोटात धक्का बसण्याची वाट बघत बसलात, तर नाराजच व्हाल.

तिसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात अवघड. कापायचं. गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ८२ हर्ट्झवर. बेसची त्याच्या निम्म्यावर, ४१. म्हणजे खालचा मजला बेस आणि ड्रमचा आहे, तिथे मी सामान टाकायचं कारणच नाही. मी शंभर हर्ट्झच्या खालचं कापलं. वरून साडेपाच हजारांच्या पुढचं कापलं. गेन सातवरून चारवर आणला. रिव्हर्ब जवळपास बंद. आणि ज्याला मी कायम खाली दाबायचे, तो मधला पट्टा, मिड, वर आणला.

एकटीने ऐकलं तर काय सांगू... भिकार! नाक चोंदलेल्या माणसासारखा आवाज. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर तिथेच डिलीट केला असता. पण या वेळी मी प्रॅक्टिसचं फोनवरचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं, सकाळी अकरा वाजता, काका भाजीला गेल्यावर. ड्रम सुरू झाले, बेस आली, आणि तो चोंदलेला आवाज बरोबर त्या दोघांच्या मधल्या जागेत जाऊन बसला. एक एक स्वर स्वच्छ.

डब्याबरोबर आलेले तयार आवाज फसवतात ते इथेच. ते दुकानात, एकट्याने, दहा सेकंदांत तुम्हाला भुलवण्यासाठी बनवलेले असतात. त्यात सगळंच भरपूर असतं. फक्त दुसऱ्या कुणासाठी जागा नसते.

राहिली होती एक गुणगुण. वाजवणं थांबवलं की 'हूंऽऽ' चालूच. मी दोन संध्याकाळी डब्यातल्या नॉइज गेटशी झगडले. मग लक्षात आलं, तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. म्हणजे गडबड अर्थिंगची. माझं एक्स्टेन्शन टू-पिनवालं निघालं, आणि ज्या सॉकेटमध्ये ते खुपसलं होतं त्याच्या तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनचे साडेतीनशे रुपये. संपूर्ण प्रवासातली ही सर्वांत परिणामकारक खरेदी!

मग मी साठ आवाज पुसले. हो, साठ. एकच ठेवला. स्वच्छ हवा असेल तर गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण सहावर, फाटलेला हवा असेल तर दहावर. ते बटण तिथे पहिल्यापासून होतं. मी बघितलं नव्हतं इतकंच.

ऐकू येतेयस

जानेवारी २०२५. कोरेगाव पार्कातला एक छोटा कॅफे, पन्नास-साठ खुर्च्या, निम्म्यावर आमचेच नातेवाईक. साउंडवाल्याने विचारलं, ''ताई, अ‍ॅम्प कुठेय?'' मी पायाशी बोट दाखवलं. त्याने चेहऱ्यावर काही न दाखवता वायर दिली. मी एक कॉर्ड वाजवली. त्याने एक फेडर वर केला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, ''बरंय. काही कापायला नाही लागलं.'' या माणसांच्या भाषेत हे पुष्पहार घालण्यासारखं असतं.

सगळं परफेक्ट झालं का? छे हो. चौथ्या गाण्यात माझा पाय भलत्याच बटणावर पडला आणि अख्खा अंतरा प्रतिध्वनीत गेला. बेसवाला एकदा चुकला, गायक ओळ विसरला. पण त्याच गाण्याच्या शेवटी मी मागे वळून बघितलं, तर ड्रमर माझ्याकडेच बघत होता. काठी हवेत, भुवया वर. ओठांवरून कळलं तो काय म्हणाला ते. ''ऐकू येतेयस.''

तीन आठवड्यांनी तो गेला. एअरपोर्टवर आम्ही फार काही बोललो नाही. असं बोलायची सवय नसते ना आपल्याला.

आता त्याची गंमत ऐका. जर्मनीत रात्री दहानंतर शांतता आणि रविवारी दिवसभर शांतता. ड्रम वाजवायची सोयच नाही. माझ्या डब्याला हसणाऱ्या या माणसाने पहिल्या दोन पगारांतून इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं, रबराचं, हेडफोनवालं. इंटरनेटवरून एकाच वेळी दोघांनी वाजवणं जमत नाही. आवाज पोचायला लागणारा तो जरासा उशीरही ताल मोडायला पुरतो. मग तो ड्रम रेकॉर्ड करून पाठवतो आणि मी त्यावर गिटार वाजवून परत पाठवते. पाच गाणी झालीत. त्यातलं निदान एक तरी चांगलं आहे.

कधीतरी रात्री हात अजूनही त्या बारीक बटणाकडे जातो. ६.१ की ६.३? मग मी आधी त्याचा ड्रम ट्रॅक लावते. ठोके सुरू झाले की बटणाकडे लक्ष राहत नाही, कारण एन्ट्री चुकेल ही भीती असते.

डब्यात आता एकच आवाज आहे. पहिल्या नंबरवर. नाव ठेवलंय, 'तू कुठेयस'.